पाच पानांत एक प्रश्न : युरोपीय संशोधन परिषदेच्या अनुदानाचा अनुभव

पाण्याने भिजलेल्या दाण्यांचा ढीग कोणत्या क्षणी घनपणा सोडून वाहू लागतो, या प्रश्नावर मी बरीच वर्षे काम करते आहे. पुण्यात स्थापत्य अभियांत्रिकी शिकल्यानंतर मी फ्रान्समधील ग्रेनोबल येथे पीएच.डी. केली आणि आता नेदरलँड्समधील एका विद्यापीठात शिकवते. २०१८ साली मी युरोपीय संशोधन परिषदेकडे, म्हणजे इथे सगळे जिला ‘ईआरसी’ म्हणतात त्या संस्थेकडे, ‘स्टार्टिंग ग्रँट’साठी, म्हणजे स्वतंत्र संशोधन सुरू करणाऱ्यांना मिळणाऱ्या अनुदानासाठी, अर्ज केला. अर्जाच्या तयारीपासून अनुदान हाती येईपर्यंतचा आणि पुढे ते वापरण्याचा अनुभव मी इथे नोंदवते आहे, कारण लोकांच्या करातून आलेला पैसा मूलभूत विज्ञानापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचतो, हे मराठी वाचकांना तपशिलात कळावे असे मला मनापासून वाटते.

युरोपीय पातळीवर संशोधनाला पैसा देणारे बहुवार्षिक ‘फ्रेमवर्क प्रोग्रॅम’ १९८४ पासून चालत आले आहेत. त्यांतील बहुतेक योजनांत विषय आधी ब्रसेल्समध्ये ठरत आणि निरनिराळ्या देशांतील संस्थांनी गट करून त्या विषयावर अर्ज करायचा असे. एकट्या शास्त्रज्ञाने स्वतःच्या डोक्यातला प्रश्न घेऊन युरोपच्या दारात जावे, अशी सोय त्यांत जवळजवळ नव्हती. जीवशास्त्रज्ञांनी आणि इतर अनेकांनी काही वर्षे त्यासाठी आग्रह धरल्यावर २००७ साली ईआरसी स्थापन झाली आणि फोटिस काफाटोस तिचे पहिले अध्यक्ष झाले. धोरण ठरवणारी वैज्ञानिक परिषद २२ जणांची असते आणि त्यांत शास्त्रज्ञ व विद्वानच असतात. पैशांचे व कागदपत्रांचे काम ब्रसेल्समधील एक कार्यकारी संस्था पाहते. निकष एकच, संशोधनाची गुणवत्ता. विषयाचे बंधन नाही, अर्जदाराच्या राष्ट्रीयत्वाचे नाही आणि देशनिहाय कोटाही नाही. मात्र ज्या संस्थेत काम होणार, ती युरोपीय संघातील किंवा कार्यक्रमाशी संलग्न अशा देशातील असावी लागते.

माझ्या अर्जाच्या वेळी ‘होरायझन २०२०’ हा फ्रेमवर्क प्रोग्रॅम चालू होता. सात वर्षांच्या सुमारे ८,००० कोटी युरोंपैकी १,३१० कोटी ईआरसीच्या वाट्याला आले होते. सदस्य देशांच्या वर्गणीतून उभा राहिलेला हा पैसा, त्यामुळे पोर्तुगालमधील शिक्षिकेचा आणि फिनलंडमधील सुताराचाही त्यात वाटा असतो. दाण्यांच्या ढिगावर तो खर्च करण्याची परवानगी मागताना ही जाणीव माझ्या मनातून कधी गेली नाही.

पात्रतेचा प्रश्न माझ्यासाठी औपचारिक नव्हता. स्टार्टिंग ग्रँटसाठी पीएच.डी. मिळाल्यापासून दोन ते सात वर्षे झालेली असावी लागत आणि हा काळ अर्ज ज्या वर्षाच्या फेरीसाठी असेल त्या वर्षाच्या १ जानेवारीपर्यंत मोजला जाई. माझी पीएच.डी. २०११ची, म्हणजे २०१९च्या फेरीसाठी मी सात वर्षांच्या पलीकडे गेले होते. परंतु आईला प्रत्येक अपत्यामागे १८ महिन्यांची सवलत मिळते आणि त्यासाठी प्रत्यक्षात किती रजा घेतली हे सिद्ध करावे लागत नाही, जन्मदाखला पुरतो. माझ्या मुलीचा जन्म पुण्यातला. महापालिकेचा दाखला मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत असल्यामुळे तो तसाच पोर्टलवर चढवता आला. ही सवलत नसती, तर मला ‘कन्सॉलिडेटर’ या पुढच्या गटात, माझ्याहून बरीच वर्षे स्वतंत्र प्रयोगशाळा चालवलेल्या लोकांबरोबर उभे राहावे लागले असते. इतका साधा नियम किती स्त्रियांना संशोधनात टिकवून धरतो, हे मी माझ्या आसपास पाहिले आहे.

यानंतरचा निर्णय पॅनेल, म्हणजे अर्ज तपासणारी तज्ज्ञांची समिती, निवडण्याचा. त्या वेळी २५ पॅनेले होती : भौतिक विज्ञाने व अभियांत्रिकीची दहा, जीवविज्ञानाची नऊ आणि समाजविज्ञान व मानव्यविद्यांची सहा. माझा विषय तीन ठिकाणी बसू शकत होता. संघनित पदार्थांच्या भौतिकीचे पॅनेल, पृथ्वीविज्ञानाचे पॅनेल आणि द्रवयांत्रिकी व स्थापत्य सामावणारे अभियांत्रिकीचे पॅनेल, या प्रत्येकाला माझ्या प्रस्तावात वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटली असती. पॅनेलच्या सदस्यांची नावे मूल्यमापन संपेपर्यंत प्रसिद्ध होत नाहीत. पण सदस्य साधारणतः वर्षाआड बसतात, म्हणून अर्जदार दोन वर्षांपूर्वीची यादी काढून आपला अर्ज कोणाच्या हाती पडू शकेल याचा अंदाज घेतात. मीही तो घेतला. त्यातून एवढे निश्चित कळले की, माझ्या उपशाखेतील माणूस पॅनेलवर असेलच असे नाही. सिमेंटवर किंवा ज्वलनावर काम करणारा उत्तम अभियंता माझी पाने वाचेल, हे गृहीत धरून लिहायला हवे. मी अभियांत्रिकीचे पॅनेल निवडले आणि भौतिकीचे दुय्यम म्हणून नोंदवले.

तेव्हा प्रस्तावाचे दोन भाग असत. पहिल्या भागात पाच पानांचा संक्षेप, शिवाय शैक्षणिक कारकीर्द आणि आजवरच्या कामाचा आढावा. दुसऱ्या भागात पंधरा पानांचा सविस्तर आराखडा, पद्धती आणि खर्चाचा हिशेब. पहिल्या टप्प्यात पॅनेल फक्त पहिला भाग वाचते. म्हणजे पंधरा पाने कितीही मेहनतीने लिहिली, तरी ती उघडली जातील की नाही हे पाच पाने ठरवतात, आणि माझा बहुतेक वेळ त्या पाच पानांवरच गेला.

त्यांतील विज्ञान थोडे सांगितल्याशिवाय पुढचे नीट कळणार नाही. घट्ट रचलेले दाणे सरकू लागले की त्यांचा ढीग फुगतो, हे ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८५ मध्ये दाखवले. सैल रचलेले दाणे मात्र सरकताना एकमेकांच्या जवळ येतात. त्यांच्यामधल्या पोकळीत पाणी भरलेले असेल आणि त्याला बाहेर पडायला वेळ मिळाला नाही, तर पाण्याचा दाब वाढतो आणि दाण्यांचे एकमेकांवरचे दडपण कमी होते. कार्ल टेरझागी यांनी १९२०च्या दशकात या दडपणाचे गणित मांडले आणि त्यावर आजचे मृदायांत्रिकीचे शास्त्र उभे आहे. पण हे सारे सरासरीचे गणित आहे. ढीग कोसळण्याआधी आतले दाणे एकेकटे चुळबुळ करतात की त्यांच्या हालचाली एकमेकींना जोडल्या जाऊन त्यांची साखळी बनते, आणि अशी साखळी बनत असेल तर ती आधी ओळखता येते का, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कळत नाही. ते पाहायचे तर दाण्यांएवढाच अपवर्तनांक असलेल्या, म्हणजे प्रकाश तेवढाच वाकवणाऱ्या आणि त्यामुळे दाणे आरपार दिसू देणाऱ्या, द्रवात काचेचे मणी बुडवून, द्रवात चमकणारा रंग मिसळून, लेसरच्या पातळ पडद्याने ढिगाचा एकेक छेद उजळावा लागतो. आणि खऱ्या, अपारदर्शक वाळूसाठी सिंक्रोट्रॉनच्या, म्हणजे अतिशय प्रखर क्ष-किरण देणाऱ्या प्रचंड यंत्राच्या, क्ष-किरणांनी अतिशय वेगाने त्रिमितीय प्रतिमा घ्याव्या लागतात.

३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गेले आणि दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. माझ्या कामाचा कोणत्या गोष्टीशी संबंध आहे, हे मला त्या दिवसापासून कोणी सांगावे लागले नाही. तरीही प्रस्तावात दरडींना किती जागा द्यावी, यावर विद्यापीठाच्या अनुदान कक्षातील सल्लागार बाईंशी माझी बराच काळ चर्चा चालली. त्यांनी अनेक प्रस्ताव वाचलेले होते. त्यांचे म्हणणे असे की, दरडींची पूर्वसूचना देणारी यंत्रणा बांधायची असेल तर त्यासाठी वेगळ्या योजना आहेत. इथे पॅनेल एवढेच विचारील की, तुमचा प्रश्न कोणता, तो आजवर का सुटला नाही आणि सुटला तर आपल्या ज्ञानात काय बदलेल. मला ते पटले. दरडींचा उल्लेख एका परिच्छेदापुरता ठेवून मी सगळे वजन त्या एका प्रश्नावर टाकले. आज मागे पाहताना मला वाटते की, ईआरसीचे खरे सामर्थ्य या मागणीत आहे. उपयोगाचे आश्वासन दिल्याशिवाय सार्वजनिक पैसा मागण्याची मुभा शास्त्रज्ञाला क्वचित मिळते. ती मुभा असल्यामुळेच न टिकणारी आश्वासने देण्याची गरज उरत नाही आणि अडचण जिथे आहे तिथे बोट ठेवता येते.

प्रस्तावात धोका स्पष्ट लिहावा लागतो, हेही मला विलक्षण वाटले. इतर ठिकाणी आपण काम नक्की जमेल असे पटवत असतो. इथे मोठ्या यशाची शक्यता आणि मोठी जोखीम ही जोडीने मांडायची असतात. साखळीची माझी कल्पना साफ चुकीची निघू शकते, हे मी लिहिले, आणि तसे झाल्यास त्याच मोजमापांतून कोणते दुसरे उत्तर हाती येईल हेही लिहिले.

खर्चाचा भाग कोरडा असला तरी त्यातून बरेच समजते. पाच वर्षांसाठी कमाल १५ लाख युरो मिळतात. प्रत्यक्ष खर्चावर २५ टक्के रक्कम विद्यापीठाला इमारत, वीज, प्रशासन यांसाठी सरसकट दिली जाते, म्हणजे १५ लाखांतले १२ लाख संशोधनाला आणि ३ लाख संस्थेला. नेदरलँड्समध्ये पीएच.डी. करणारा तरुण विद्यापीठाचा पगारी कर्मचारी असतो आणि त्याच्या चार वर्षांचा एकूण खर्च दोन लाख युरोंच्या वर जातो. दोन पीएच.डी., दोन पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरचे संशोधक), माझ्या वेळेचा काही भाग, लेसर, कॅमेरे, प्रवास आणि खुल्या प्रकाशनाचे शुल्क एवढ्यात मोठी वाटणारी रक्कम संपते. या पैशांतला सर्वांत मोठा वाटा माणसांच्या पगारात जातो आणि ते योग्यच आहे, असे माझे मत आहे.

ऑक्टोबरमध्ये, ब्रसेल्सच्या घड्याळाप्रमाणे सायंकाळी ५ वाजता, पोर्टल बंद झाले. त्या फेरीत सुमारे ३,१०० अर्ज आले होते. पहिल्या टप्प्यानंतर प्रत्येक अर्जाला अ, ब किंवा क श्रेणी मिळते. ‘अ’ असेल तरच पुढे जाता येते. ‘ब’ किंवा ‘क’ मिळाल्यास काही काळ पुन्हा अर्ज करता येत नाही. ज्यांची पात्रतेची वर्षे सरत आली आहेत त्यांच्यासाठी या बंदीचा अर्थ ‘ही संधी संपली’ असाच होतो. माझ्या विभागातील एका अत्यंत हुशार सहकाऱ्याच्या बाबतीत तसेच घडले. अर्जांचा लोंढा आवरायला हा नियम लागतो हे मला मान्य आहे, पण त्याचा भार तरुणांवर फार कठोरपणे पडतो आणि त्यावर अजून विचार व्हायला हवा.

मला मुलाखतीचे बोलावणे आले. तेव्हा मुलाखती ब्रसेल्समध्ये समोरासमोर होत. रॉटरडॅमहून आगगाडीने ब्रसेल्स-नोर्ड स्थानकावर उतरले की रोजिए चौकातील, मुलाखती होत ती उंच इमारत पायी जाण्याइतकी जवळ आहे. वरच्या मजल्यावरील प्रतीक्षा कक्षात युरोपच्या सगळ्या कोपऱ्यांतून आलेले, माझ्याच वयाचे अर्जदार बसलेले होते. कोणी मेंदूवर काम करणारे, कोणी मध्ययुगीन हस्तलिखितांवर. एकाच दालनात इतक्या वेगवेगळ्या प्रश्नांची माणसे एकत्र आलेली मी पूर्वी पाहिली नव्हती.

पॅनेलवर डझनाहून अधिक सदस्य होते. दहा मिनिटांचे सादरीकरण झाल्यावर पंधरा मिनिटे प्रश्न. दुसऱ्या टप्प्यात संपूर्ण प्रस्ताव जगभरच्या तज्ज्ञांकडेही जातो आणि त्यांचे अभिप्राय पॅनेलसमोर असतात. त्यामुळे प्रश्न नेमके होते. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न ग्रेनोबलच्या युरोपीय सिंक्रोट्रॉनबद्दल आला. तेथील यंत्र डिसेंबर २०१८ मध्ये पूर्ण नूतनीकरणासाठी बंद झाले होते आणि २०२० पर्यंत बंदच राहणार होते. ‘मग तुमची क्ष-किरणांची मोजमापे कुठे होणार?’ मी उत्तर दिले की, पहिला टप्पा काचेच्या मण्यांवर प्रयोगशाळेतच होईल. वेगवान प्रतिमांची चाचणी स्वित्झर्लंडमधील फिलिगेन येथील सिंक्रोट्रॉनवर करता येईल. आणि ग्रेनोबलचे नवे, कितीतरी अधिक प्रखर किरण उपलब्ध होतील तोवर आमची पद्धत तयार झालेली असेल. ही यंत्रेही सार्वजनिक पैशांवरच चालतात. ग्रेनोबलचे यंत्र अनेक देश वर्गणी काढून चालवतात, तिथला वेळ स्पर्धात्मक अर्जावर मिळतो आणि निष्कर्ष प्रसिद्ध करणाऱ्या शास्त्रज्ञाकडून त्याचे शुल्क घेतले जात नाही. अनुदान एका व्यक्तीला मिळते हे खरे, परंतु तिच्या पायाखाली असे सामायिक बांधकाम नसते तर माझ्यासारखीला १५ लाखांत फारसे काही करता आले नसते.

दुसरा प्रश्न एका ज्येष्ठ सदस्याने विचारला : काचेचे गोल मणी आणि डोंगरातली माती यांचा काय संबंध? मी म्हणाले की, मातीबद्दल दावा करण्याआधी गोल मण्यांबद्दलही आपल्याला माहीत नसलेली गोष्ट मला शोधायची आहे, आणि तिथे साखळी दिसली नाही तर मातीत ती शोधण्याचे कारणच उरणार नाही. त्यांनी मान हलवून ते टिपून घेतले.

निकालात माझ्या प्रस्तावाला ‘अ’ श्रेणी होती, पण त्याखालचे वाक्य महत्त्वाचे होते : निधी उपलब्ध असल्यास अनुदानास शिफारस. गुणानुक्रमात मी पैसा संपला त्या रेषेच्या किंचित खाली होते. सप्टेंबर २०१९ मध्ये ४०८ जणांची नावे जाहीर झाली, त्यांना मिळून ६२ कोटी १० लाख युरो. त्यांत मी नव्हते. प्रतीक्षा यादीतील अर्जांना नंतर उरलेल्या निधीतून संधी मिळते, आणि काही महिन्यांनी ती मला मिळाली. त्या मधल्या काळात मी परीक्षकांचे सर्व अभिप्राय अनेकदा वाचले. रेषेच्या वरचे आणि खालचे प्रस्ताव यांत गुणवत्तेचा फरक नसतो, रेषा अंदाजपत्रक आखते; हे मला तेव्हा जितके स्पष्ट दिसले तितके आधी दिसले नव्हते. म्हणूनच जुलै २०२० मध्ये युरोपीय नेत्यांनी पुढच्या ‘होरायझन युरोप’ कार्यक्रमाची प्रस्तावित रक्कम कमी केली, तेव्हा झालेल्या शास्त्रज्ञांच्या निषेधात मीही सही केली. अखेर तो कार्यक्रम ९,५५० कोटी युरोंचा झाला आणि त्यात ईआरसीला १,६०० कोटींहून अधिक मिळाले.

करारापूर्वी नैतिक बाबींची तपासणी होते आणि विद्यापीठाला संशोधकाशी एक पुरवणी करार करावा लागतो. पैसा कसा खर्चायचा, कोणाला नेमायचे आणि काय प्रसिद्ध करायचे याचे स्वातंत्र्य संशोधकाचे राहील, अशी हमी त्यात असते. शिवाय अनुदान व्यक्तीबरोबर दुसऱ्या संस्थेत नेता येते. या दोन कलमांनी तरुण प्राध्यापकाचे विद्यापीठातील स्थान एकदम बदलते. प्रयोगशाळेसाठी तळघरातली कंपनरहित जागा मी बऱ्याच दिवसांपासून मागत होते. करारानंतर ती मिळायला वेळ लागला नाही. जे सहकारी तितकेच चांगले काम करतात पण ज्यांच्याकडे हे अनुदान नाही, त्यांची मागणी मात्र तशीच पडून राहते. विद्यापीठे कायम नेमणुकीचा निर्णय अशा अनुदानावर सोपवू लागली आहेत आणि पॅनेलने ज्या कामासाठी मूल्यमापन केले त्याहून वेगळ्या कामासाठी ते वापरले जात आहे, ही मला या व्यवस्थेतील सर्वांत गंभीर अडचण वाटते. दुसरी अडचण भूगोलाची. देशनिहाय कोटा नसल्यामुळे बहुतेक अनुदाने जर्मनी, ब्रिटन, फ्रान्स, नेदरलँड्स अशा देशांत जातात आणि पूर्व युरोपातील संस्थांच्या वाट्याला फार थोडी येतात. गुणवत्तेचा निकष सोडावा असे मी म्हणणार नाही. पण ज्या देशांत सल्ला देणारा अनुदान कक्षच नाही तिथल्या अर्जदाराची पाच पाने माझ्या पाच पानांशी समान पातळीवर लढत नाहीत, हे उघड आहे.

भारतातील वाचकांसाठी एक माहिती. २०१७ साली युरोपीय आयोग आणि संशोधनाला निधी देणारे भारताचे तेव्हाचे सायन्स अँड इंजिनिअरिंग रिसर्च बोर्ड यांच्यात झालेल्या व्यवस्थेमुळे भारतातील संशोधकांना ईआरसीच्या चालू प्रकल्पांत काही काळ येऊन काम करण्याचा मार्ग खुला झाला. ही वाट अजून फार थोड्यांना माहीत आहे.

आमचे काम २०२० मध्ये सुरू झाले आणि ऑगस्टमध्ये ग्रेनोबलचे यंत्रही पुन्हा चालू झाले. आर्थिक अहवाल साधारण १८ महिन्यांनी द्यावा लागे, वैज्ञानिक अहवाल मध्यावर आणि शेवटी. दर तिमाहीला टप्पे पूर्ण झाल्याचे दाखवणे नव्हते. सैल रचलेल्या मण्यांत आम्हाला साखळ्या दिसल्या, पण त्या कोसळण्याच्या जागेकडे न जाता बहुतांश वेळा तिच्यापासून दूरच विरून जात होत्या. प्रस्तावातील दुसरे उद्दिष्ट या साखळ्यांवरून पूर्वसूचना काढण्याचे होते. ते तसेच पुढे रेटण्यात अर्थ उरला नव्हता. मी ते थांबवले आणि त्यासाठी नेमलेल्या पोस्टडॉकला साखळ्या का विरतात या नव्या प्रश्नावर घेतले. मध्यावरच्या अहवालात बदलाची कारणे मी दीड पानात लिहिली. प्रकल्प अधिकाऱ्याने एक प्रश्न विचारला, तो नव्या उपकरणाच्या खर्चाबद्दल होता. उद्दिष्ट बदलल्याबद्दल काहीही विचारले गेले नाही, आणि पुढचा हप्ता वेळेवर आला.